नुसत्या हातोड्या लावायला गेलो

आता मला सांगा, माणसानं आपल्याच घरामागच्या शेडमध्ये आपल्याच हातोड्या नीट लावायच्या नाहीत का? नाही, सांगा ना. गुन्हा आहे का तो? तीस वर्षं या डोंगरावर टपाल वाटलं मी, कमरेइतक्या बर्फातून वाटलं, एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाही, आणि आता या वयात मला रस्त्यानं जाताना मान खाली घालून जावं लागतं, कशामुळं? हातोड्यांमुळं. मी काय, नुसत्या हातोड्या लावायला गेलो होतो.

झालं असं, की आमची नेझा, म्हणजे आमची मुलगी, ल्युब्ल्यानाला असते, ती माझ्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला आली आणि येताना एक भलामोठा फळा घेऊन आली. भोकाभोकांचा. सोबत पिशवीभर लोखंडी आकडे, टांगायचे. मला म्हणाली, "बाबा, हातोड्या काय दुधाच्या कॅनमध्ये ठेवतात?" आता तुम्हाला सांगतो, तो कॅन माझ्या आईच्या वेळचा, पत्र्याचा, आमची गाय गेल्यापासून रिकामा होता, त्यात मी हातोड्या टाकायचो, दांडे वर आणि डोकी खाली, आणि चाळीस वर्षं काही बिघडलं नव्हतं. पण नाही. ती म्हणाली, "एकेक हातोडी आकड्यांवर टांगायची, तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची, म्हणजे कुठली जागेवर नाही ते बघताक्षणी कळतं." मी म्हटलं, बरं. पोरगी एवढी बसमधून फळा घेऊन आली, नाही कसं म्हणणार?

ती गेल्यावर मी शेडमध्ये शेगडी पेटवली, शेगडीच्या वरच फळा ठोकला, जागा तेवढीच मोकळी होती, आणि कॅन पालथा केला. तुम्ही कधी चाळीस वर्षांच्या हातोड्या एकदम बघितल्यात का? माझ्या वडिलांची सुतारी हातोडी निघाली, मागे खिळे उपटायची शिंगं असलेली. दगड फोडायचा घण निघाला. रबरी एक निघाली, एक लाकडी मोगरी, एक चांभाराची, एक बिनदांड्याची, एक नुसता दांडाच. आणि मग एक छोटी, दोन्ही तोंडांना दातरे असलेली निघाली तेव्हा आमची झोफ्का नेमकी कॉफी घेऊन दारात उभी होती. बायको माझी. तिनं ती हातोडी बघितली. कप खाली ठेवला. म्हणाली, "फेर्दो, ही माझी मांस बडवायची हातोडी आहे."

मी म्हटलं, "असेल."

"सात वर्षं मी मांस बाटलीनं बडवतेय."

पण ते एक वेळ सोडा, घरातल्या घरात होतं ते. मी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगत गेलो, पेन्सिल फिरवत गेलो, छान दिसायला लागलं, मी शीळसुद्धा घालत होतो असं झोफ्का म्हणते. आणि कॅनच्या तळाशी एक राहिली होती. तेरावी. ती उचलली आणि, तुम्हाला सांगतो, हाताला ती माझी वाटलीच नाही. आपली हातोडी हाताला कळते. ही आखूड दांड्याची, जड डोक्याची, दांडा घामानं काळा झालेला, आणि दांड्यावर तापल्या सळईनं उठवलेलं एक अक्षर. 'र'. आणि त्याच्यावर एक बारीकसा क्रूस.

मी शेगडीजवळ खालीच बसलो.

आता तुम्हाला हे कळायला हवं की ही खिळे ठोकायची हातोडी नव्हे. आमच्याकडं गवत कापायचा तो लांब दांड्याचा विळा असतो ना, त्याची धार नुसती दगडावर घासून येत नाही, आधी पातं छोट्या ऐरणीवर ठेवून हातोडीनं टकटक, टकटक, कागदासारखं पातळ करावं लागतं. त्या हातोडीचं तोंड आरशासारखं गुळगुळीत लागतं, एक ओरखडा चालत नाही, कारण तो ओरखडा पात्यावर उठतो. माणसं तिला फडक्यात गुंडाळून ठेवतात. आणि ही, जी माझ्या हातात होती, ती शेजारच्या म्हाताऱ्या कोबालची. म्हाताऱ्याला दोन मुलगे, थोरला रुपर्ट आणि धाकटा अल्बिन. मरताना त्यानं काय केलं, हातोडी, 'र' उठवून, रुपर्टला दिली आणि ऐरण अल्बिनला. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये गवत कापायच्या आधी दोघांना एकत्र बसावंच लागेल. बसायचेही. नासपतीच्या झाडाखाली, एक ठोकायचा, एक पातं धरायचा, आख्ख्या गावाला ऐकू यायचं.

आणि चौदा वर्षांपूर्वी ती हातोडी हरवली.

हरवली म्हणजे... आठवलं मला. तिथं शेगडीजवळ बसल्याबसल्या सगळं आठवलं, आणि नसतं आठवलं तर फार बरं झालं असतं. चर्चची दुपारची घंटा झाली होती, रुपर्ट हातोडी ओंडक्यावर ठेवून जेवायला आत गेला होता, मी टपालाची पिशवी घेऊन त्याच्या अंगणातून चाललो होतो, आणि आमच्या घराकडून झोफ्का ओरडली की खुराड्याचं दार निखळलं, कोंबड्या रस्त्यावर गेल्या. मग माणूस काय करतो? समोर हातोडी दिसते, उचलतो, धावतो. दोन खिळे ठोकले. कोंबड्या पकडल्या. हातोडी कॅनमध्ये टाकली, कारण हातात हातोडी असली की ती कॅनमध्ये टाकायची ही माझी सवय. आणि विसरलो. आईशपथ विसरलो.

संध्याकाळी रुपर्ट कुंपणाशी आला. "फेर्दो, आज माझ्या अंगणात कुणाला बघितलंस?"

मी म्हटलं, "अल्बिनला बघितलं."

खोटं बोललो का? नाही. अल्बिनची वाटच तिथून होती, दिवसातून चार वेळा जायचा. आणखी एका माणसाला त्या अंगणात बघितलं असतं कुणी तर तो मी, पण माणूस स्वतःला कुठं बघतो? रुपर्ट तसाच भावाच्या दारात गेला आणि म्हणाला, "ऐरण दिली बापानं तुला, ती पुरली नाही होय?" अल्बिन एवढंच म्हणाला, "हे तू मला विचारतोयस?" आणि दार लावून घेतलं. संपलं. दुसऱ्या आठवड्यात मध्ये कुंपण उभं राहिलं, आणि अल्बिन त्या दिवसापासून विहिरीकडून वळसा घालून जायला लागला. चौदा वर्षं वळसा. का? तर मी.

आणि याच्यापुढचं सांगायला मला लाजच वाटते, पण सांगतो, आता काय राहिलंय. या चौदा वर्षांत त्या दोघांचे निरोप कोण नेत होतं? मीच. टपालवाला ना मी, दोन्ही दारं माझीच. रुपर्ट म्हणायचा, "त्याला सांग, त्याच्या झाडाची फांदी माझ्या छपरावर आलीय, करवत घालीन." मी पलीकडं जाऊन सांगायचो, "रुपर्ट विचारत होता, यंदा सफरचंदं बरी लागलीत का." अल्बिन म्हणायचा, "सांग त्याला, करवत घालून तर बघ." मी इकडं येऊन सांगायचो, "बरी लागलीत म्हणाला." आणि रुपर्ट मला नासपतीची दारू द्यायचा, अल्बिन सॉसेज वाढायचा, आणि मी दोन्हीकडं पाय पसरून बसायचो आणि मनात म्हणायचो, फेर्दो, तू नसतास तर या दोघांनी एकमेकांची डोकी फोडली असती.

अल्बिनच्या मुलीचं लग्न झालं. रुपर्टची एकुलती एक पुतणी. तो गेला नाही. वरात चालली होती तेव्हा गवत वाळवायच्या मांडवामागं उभा राहून फळ्यांच्या फटीतून बघत होता, मी बघितलं त्याला. अल्बिननं अक्रोडाच्या पोतित्साचा चांगला जाड काप, लग्नाचा गोड पाव म्हणजे काय साधी गोष्ट नाही, रुमालात बांधून माझ्याकडं दिला. "नेऊन दे त्याला." मी नेला. रुपर्ट म्हणाला, "कोंबड्यांना टाक." आता अक्रोडाचा पोतित्सा कुणी कोंबड्यांना टाकतं का? मी मांडवामागं उभं राहून खाल्ला आणि जाऊन सांगितलं, त्यानं खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. अल्बिन इतका वेळ माझ्याकडं बघत राहिला की मला वाटलं, मिशीला अक्रोड लागलाय.

तर ही हातोडी. मी झोफ्काला दाखवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती म्हणाली, "चौदा वर्षं, फेर्दो," आणि आत जाऊन बाटलीनंच मांस बडवायला लागली.

पहिला बेत मी असा केला, की गुपचूप नेऊन रुपर्टच्या लाकडांच्या ढिगात खुपसायची. त्याला सापडेल, तो म्हणेल अरे इथंच पडली होती, मिटलं. भर दुपारी, तो जेवत असताना, हातोडी कोटाच्या बाहीत सरकवून गेलो. तर हा नेमका दारात. "फेर्दो, हात असा का धरलायस?"

"आखडलाय. वात."

"अरे मग बोलायचं नाही का? बस इथं. बाही वर कर, दारू चोळून देतो." आणि बाटली आणायला आत गेलासुद्धा. एकटा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झालीत, कुणाचं काही दुखलं की याला आनंद होतो, करायला काही मिळतं. मी पळालो. अडुसष्टाव्या वर्षी, बाहीत हातोडी घेऊन पळालो, आणि मागनं तो बाटली हातात धरून ओरडतोय, "अरे थांब, गरम करून आणलीय!" मला सांगा, याला काय म्हणायचं? मी काय, नुसत्या हातोड्या लावायला गेलो होतो.

दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सरळ गेलो आणि हातोडी त्याच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. खुराडं, कोंबड्या, कॅन, सगळं. त्यानं हातोडी उचलली, उजेडात धरली, तोंडावरनं अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"खिळे ठोकलेस?"

"दोन."

"हिच्यानं."

"कोंबड्या रस्त्यावर गेल्या होत्या, रुपर्ट."

मला वाटलं आता ही हातोडी माझ्या डोक्यात बसणार, आणि खरं सांगतो, बसली असती तर सुटलो असतो. पण त्यानं ती माझ्यापुढं सरकवली. म्हणाला, "परत ने."

"म्हणजे?"

"ने म्हटलं ना. मी एकाहत्तरचा आहे. चौदा वर्षं रोज सकाळी उठून आधी त्याच्यावर चिडलोय, मग तोंड धुतलंय. पोरीच्या लग्नाला गेलो नाही. आता तू म्हणतोस, त्यानं नेलीच नव्हती. मग मी कोण झालो? ने परत. मला ती सापडलेली नाही."

चोरलेली वस्तू परत देताना घेणारा नको म्हणतो, असं कुठं ऐकलंय? मी हातोडी बाहीत घातली, आता सवयच लागली होती, आणि विहिरीकडून वळसा घालून अल्बिनकडं गेलो. म्हटलं, निदान याला तरी. ज्याच्यावर आळ आला त्याला तरी मोकळं करू. तो अंगणात सरपण रचत होता. मी पहिल्यापासून सुरू केलं, खुराडं, कोंबड्या... त्यानं मला मध्येच थांबवलं.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"ती तुझ्याकडं आहे ते. दहा वर्षं झाली. मी तुझ्याकडं पक्कड मागायला आलो होतो, कॅनमध्ये दांडा दिसला. बापाचा दांडा मला ओळखू येणार नाही का?"

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? त्यानं मला विचारलं, तूच नेलीस का. सख्खा भाऊ. मी जाऊन सांगू, की नाही रे, बघ, फेर्दोकडं आहे? मग त्याचा विश्वास हातोडीवर बसला असता, माझ्यावर नाही."

"मला तरी बोलायचंस."

तो लाकडं रचत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुला वाट देत होतो. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तोंडाशी येत नाहीये. म्हणून आलास की बसवून घ्यायचो, सॉसेज वाढायचो. म्हटलं, खाता खाता तरी बोलेल. तू खायचास, आणि अजून एक मागायचास."

ऐकलंत? मी ते सॉसेज गावात शांतता राखल्याबद्दल खात होतो, आणि तो मला कबुलीसाठी वाढत होता. दहा वर्षांची सॉसेजं. त्या दिवसापासून मला सॉसेज उतरत नाही, झोफ्काला विचारा.

हातोडी अल्बिननंही घेतली नाही. "ज्याची आहे त्याला दे," म्हणाला. ज्याची आहे तो घेत नाही. मग काय करणार, आणून टांगली फळ्यावर, तेरावी, आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली. नेझाला फोनवर सांगितलं, झालं हातोड्यांचं काम.

आणि मग बघा काय झालं. दोन दिवसांनी रुपर्ट आला. माझ्याकडं तेल आहे का म्हणून. तेल घेतलं नाही, फळ्यासमोर उभा राहिला आणि गेला. त्याच दिवशी दुपारी अल्बिन आला, दोरी आहे का म्हणून. फळ्यासमोर उभा राहिला आणि गेला. आठवडाभर हेच. एक जायचा, एक यायचा, आणि मी मधल्या वेळात घामाघूम, कारण गाठ पडली तर काय? आणि शनिवारी सकाळी पडली. रुपर्ट आत उभा, आणि दारात अल्बिन. शेडला दार एकच. मी कोपऱ्यात.

शेगडी तेवढी कुरकुरत होती. रुपर्ट फळ्याकडं बघत होता, अल्बिन फळ्याकडं बघत होता, आणि रुपर्ट म्हणाला, फळ्यालाच म्हणाला, "शेगडीवर कुणी हातोड्या टांगतं का? दांडे वाळतील. डोकी निखळून कुणाच्या तरी कपाळावर बसतील."

अल्बिनही फळ्यालाच म्हणाला, "घण वर आणि मोगरी खाली. आकडा सुटला की पाय गेला."

"आणि ही रांग बघ. लहान, मोठी, त्याहून मोठी. हातोड्या लावल्यात की चर्चमधल्या बाजाच्या नळ्या?"

"रोजची लागणारी उजव्या हाताला हवी. त्यानं उजव्या हाताला काय लावलंय? बायकोची मांस बडवायची हातोडी."

मी म्हटलं, "नेझानं सांगितलं तसं..." माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. रुपर्टनं घण उतरवला. अल्बिन पुढं होऊन म्हणाला, "एकट्यानं नको, पाठ जाईल," आणि खालून धरला. चौदा वर्षांनी दोघांनी एक वस्तू एकत्र धरली, आणि ती माझ्या घरातली. मग त्यांनी आख्खा फळाच उखडला, पलीकडच्या थंड भिंतीवर ठोकला, आणि वाद घालत घालत एकेक टांगायला लागले. शेवटी ती उरली, 'र'वाली. दोघांनी हात आखडले.

आणि रुपर्ट म्हणाला, अजूनही भिंतीकडेच बघत, "मागं तू माझ्या सांधेदुखीची चौकशी केली होतीस म्हणे. बायको गेली त्या साली. बरं वाटलं होतं."

अल्बिन म्हणाला, "मी? मी नव्हती केली. तूच माझ्या गुडघ्याची केली होतीस. दर हिवाळ्यात करतोस ना, फेर्दो सांगतो."

मग दोघं सावकाश वळले आणि माझ्याकडं बघायला लागले. मला दार दिसत होतं, पण दाराच्या वाटेत तेच होते. काय सांगू तुम्हाला, तेवढ्या वेळात मला माझं प्रत्येक खोटं आठवलं, सफरचंदं, पोतित्सा, डोळ्यांतलं पाणी, सगळं. मी म्हटलं, "मी फक्त..." मी म्हणणार होतो की मी फक्त निरोप पोचवले, पण निरोप मी पोचवलेच नव्हते ना. तीस वर्षांत न चुकलेला टपालवाला मी, आणि ही एवढी दोन दारं, यांच्यात एकही निरोप जसाच्या तसा गेला नाही.

रुपर्टनं खाकरून घसा साफ केला आणि भावाला विचारलं, "कसा आहे मग गुडघा?"

अल्बिन म्हणाला, "दुखतो. वळसा पडतो ना विहिरीकडून."

रुपर्ट खाली बघत म्हणाला, "कुंपणाला मी... एक फळी काढता येईल."

"बघ," अल्बिन म्हणाला, आणि गेला. मला वाटलं गेला तो गेला, पण अर्ध्या तासानं परत आला, काखेत फडक्यात गुंडाळलेली ऐरण घेऊन. "हातोडीचं तोंड बघू दे," म्हणाला. "खिळ्यांचे डाग आहेत म्हणतात. घासून निघतायत का बघू."

तेव्हापासून रोज येतात. माफी कुणी कुणाची मागितली नाही, मी तरी ऐकली नाही. एकमेकांच्या घरात अजून पाऊल ठेवत नाहीत. फळी अजून काढायची आहे. पण माझ्या शेडमध्ये बसतात, माझ्या शेगडीशी, माझी कॉफी पितात, झोफ्का दोघांना सॉसेज वाढते, ते हातोडीचं तोंड घासत राहतात आणि मला म्हणतात, "फेर्दो, उजेडात उभा राहू नकोस." मी बाजूला होतो. त्या दोन डागांकडं मला बघवत नाही आणि तिथून जाववतही नाही. पुतणीचं लग्न काही पुन्हा होणार नाही ना. ते कुठल्या फळ्यावर टांगू?

आणि भिंतीवर आता सगळं इतकं जागच्या जागी आहे, की काल मला नेझानं पाठवलेलं कॅलेंडर लावायला एकच खिळा ठोकायचा होता, मी फळ्याकडं हात नेला तसे दोघंही एकाच वेळी म्हणाले, "कोणती नेतोयस? आणि आणणार कधी?"

मी बाहेर गेलो आणि दगडानं ठोकला.